बसम्माची साक्ष

सोलापूरच्या जिल्हा कोर्टात सिद्रामप्पा दुभाषी होता. अक्कलकोटकडचा एखादा कानडी माणूस साक्षीला उभा राहिला, की त्याचं बोलणं इंग्रजीत करून न्यायाधीशांना सांगायचं आणि न्यायाधीशांचा प्रश्न कानडीत करून त्याला विचारायचा, हे त्याचं काम. चौदा वर्षं हे करता करता त्याला एक अभिमान जडला होता. वकील म्हणायचे, "सिद्रामप्पा बोलायला लागले की मधे कुणी आहे असं वाटतच नाही." हे ऐकलं की तो मान खाली घालून हसायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला, चन्नम्माला, शब्दन् शब्द सांगायचा.

मूळचा तो खेड्यातला. इंग्रजी शाळेसाठी सोलापुरात आला तेव्हा मंगळवार पेठेत बसम्माच्या घरी राहिला होता. बसम्मा त्याच्या आईच्या माहेरगावची. नवरा लवकर गेला, पण तिनं सुताचं दुकान बंद केलं नाही. मागवाल्यांना सूत पुरवायचं, रंगाऱ्यांकडून रंगवून आणायचं, कुठल्या सुताचं लुगडं किती धुण्यांत विटतं ते चिमटीत धरून सांगायचं, हे सगळं ती नवऱ्याच्या बरोबरीनं आधीपासूनच करत होती. सिद्रामप्पा सहा वर्षं तिच्या हातची भाकरी खाऊन मॅट्रिक झाला. पुढं त्याचं स्वतःचं बिऱ्हाड झालं तरी रविवारी दुपारी तो तिच्या दुकानात जायचाच. दुकान त्या दिवशी अर्धं उघडं असायचं. तो वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, बसम्मा सुताच्या गठ्ठ्याला टेकून ऐकायची. तिला कानडी अक्षरं यायची, मराठी बोलता यायचं, पण छापील मराठी भराभर वाचता येत नसे.

ऐकताना ती मधेच अडवायची. एकोणतीस सालच्या हिवाळ्यात एकदा त्यानं वाचलं, की स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावात सगळ्या देशांच्या मोठ्या बँकांची मिळून एक बँक निघणार आहे. लढाईची जी भरपाई जर्मनीनं द्यायची ती तिच्यामार्फत दिली जाईल, आणि या बँका तिथं एकत्र बसून एकमेकींना सांभाळून घेतील.

"कुणाकुणाची बँक हाय त्यात?" बसम्मानं विचारलं.

त्यानं नावं वाचली. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, बेल्जियम, जपान. अमेरिकेतले काही सावकार.

"आणि आपली?"

"आपल्या देशाची तशी बँकच नाही अजून, अक्का. व्हायची आहे म्हणतात."

"मग आपल्या वतीनं तितं बोलणार कोण?"

"इंग्लंडची बँक बोलेल."

"तिला आपण काय सांगून ठेवलंय का?"

सिद्रामप्पा हसला. बसम्मा हसली नाही. दोन वर्षांपूर्वी सरकारनं रुपयाचा भाव अठरा पेन्स कायम केला होता, तेव्हा त्यानंच तिला ते समजावून सांगितलं होतं. रुपया सोळा पेन्सांचा राहिला असता तर बाहेरचं कापड इथं महाग पडलं असतं. अठराचा झाला म्हणून ते स्वस्त पडलं. त्यानंतर तिच्या ओळखीचे माग एकेक करून थांबत गेले होते. ज्यांचे थांबले त्यांची नावं तिला पाठ होती, आणि ती ते कुणाचं नशीब म्हणून सोडून द्यायला तयार नव्हती.

त्याच सुमारास बातमी आली, की बँकांच्या कारभाराची चौकशी करणारी सरकारी समिती संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उलटल्यावर सोलापुरात येणार आहे. देशाची नवी मध्यवर्ती बँक कशी असावी, यावरही ती लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होती. सूतवाल्यांच्या पंचांनी आधी आपल्यातले थोरले चनबसप्पा यांचं नाव दिलं होतं. त्यांना दम्यानं धरलं, तेव्हा त्यांनीच निरोप पाठवला, की बसम्माला पाठवा, आमच्यात बोलता येतं ते तिलाच.

दुभाषी म्हणून कलेक्टर कचेरीनं सिद्रामप्पाला नेमलं.

आदल्या रविवारी बसम्मानं त्याला विचारलं, "मी मराठीत बोलू का? मोडकंतोडकं का हुईना, येतंय की मला."

"कशाला अक्का? मोठी माणसं असतील समोर. अडखळलात तर हसतील. तुमी आपलं कानडीतच बोला. मी हाय की."

"तू हायेस म्हणून तर चाललेय," ती म्हणाली.

कलेक्टर कचेरीच्या दालनात लांब टेबलामागं तिघं बसले होते. मधे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले इंग्रज साहेब. डावीकडं मुंबईचे एक गिरणीमालक शेठ. उजवीकडं पुण्याचे अर्थशास्त्राचे प्रोफेसर. प्रोफेसरांना मराठी अर्थातच येत होतं, पण कानडीचा गंध नव्हता. दाराशी बिरप्पा पट्टेवाला उभा होता. दालनात कानडी कळणारी माणसं तीनच, बसम्मा, सिद्रामप्पा आणि तो बिरप्पा.

सकाळपासून अकरा साक्षी झाल्या होत्या. बसम्माची बारावी. ती इरकली लुगड्याचा पदर खांद्यावरून नीट घेऊन खुर्चीत बसली. बसायला सांगितलं तेव्हा बसली, त्याआधी नाही. अध्यक्षांनी विचारलं, की सूत व्यापाऱ्यांना बँकांकडून पुरेशी मदत मिळते का.

सिद्रामप्पानं प्रश्न कानडीत सांगितला. बसम्मानं थोडा वेळ टेबलाकडं पाहिलं आणि बोलायला लागली.

पहिली दोन-तीन वाक्यं त्याला पुढं कायम आठवत राहिली. ती म्हणाली, "बँक मदत करते का हे मला विचारता, ते विचारा. पण मी आणते त्या सुताचा भाव रुपयाच्या भावावर, आणि रुपयाचा भाव लंडनात ठरतो. तिथं माझं कोण बसलंय ते मला आधी सांगा." मग ती त्यांच्या पंचांबद्दल बोलली. अमावस्येला सूतवाले बसतात तेव्हा रंगाऱ्यांचा एक आणि मागवाल्यांचा एक माणूस बोलावल्याशिवाय भाव ठरत नाही. भाव कधी तिच्या तोट्याचा ठरतो. तरी ती घरी जाऊन जेवते, कारण ठरला तेव्हा ती तिथं होती.

एवढं झालं आणि अध्यक्षांनी खिशातून घड्याळ काढलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, परत ठेवलं, आणि चेहरा सभ्यपणे बसम्माकडं केला. पण सिद्रामप्पाची नजर त्या खिशावर अडली. ही बाई साहेबांनाच उलट प्रश्न करतेय, हे इंग्रजीत कसं सांगायचं? उद्धट वाटेल. साहेब तिला काही बोलले नाहीत तरी आपल्याकडं बघतील. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागला, टोकं घासू लागला. बसम्मा बोलतच होती. आता ती मागाचं काहीतरी सांगत होती. दोन्ही हात समोर धरून ताणा लावल्यासारखे तिनं फाकवले, मग एक हात सोडला आणि दुसरा लटकता ठेवला. दाराशी उभा बिरप्पा ते बघून पुढं झुकला. सिद्रामप्पानं हात पाहिले, शब्द ऐकले नाहीत. त्याचं इंग्रजी वाक्य तेव्हा निम्म्यावर आलं होतं.

बसम्मा थांबली. शेवटी म्हणाली, "हे लिहून घ्यायला सांग."

सिद्रामप्पा उठून उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "साक्षीदार म्हणतात, की बँकांची मदत अपुरी आहे. सरकारनं सूत व्यापाराकडं कृपादृष्टीनं पाहावं, अशी त्यांची नम्र विनंती आहे."

चिटणिसानं ते उतरवून घेतलं. अध्यक्ष मान डोलवून काही म्हणाले.

बसम्मानं त्याच्याकडं पाहिलं. "इतकंच?"

"इंग्रजीत थोडक्यात होतं, अक्का."

"आणि सायेब काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई समंजस आहे."

हे मात्र खरं होतं. बसम्माचा चेहरा उजळला. आपण एवढं तोंडावर विचारलं तरी साहेब रागावला नाही, उलट समंजस म्हणाला, म्हणजे माणूस बरा असावा, असं ती जिना उतरताना म्हणाली. पेठेत जाऊन तिनं चनबसप्पांना सांगितलं, पंचांना सांगितलं. दोन दिवस दुकानात तीच गोष्ट चालली होती.

त्या दिवशी कचेरीतून निघताना बिरप्पा सिद्रामप्पाला म्हणाला, "सायेब, अक्का लई बोलल्या की. तुमी लईच थोडकं सांगितलंसा."

"तुला इंग्रजी कळतं का?"

"न्हाय."

"मग?"

"न्हाय, आपलं वाटलं," बिरप्पा म्हणाला आणि दार लावायला लागला.

त्याच उन्हाळ्यात मिठाच्या सत्याग्रहाच्या धामधुमीत शहरात लष्करी अंमल आला. माणसं जपून बोलू लागली, आणि दालनातली ती साक्ष लोकांच्या डोक्यातून गेली. बसम्माच्या डोक्यातून गेली नाही. दर दोन-चार रविवारी ती विचारायची, "आलं का त्यांचं काय?" समितीच्या कामाचं पुस्तक छापून कचेरीत आलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्यात तिचं नाव असेल हे सिद्रामप्पाला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. टाळता येईना, म्हणून तो पुस्तक मागून घेऊन गेला.

पान त्यानं आधीच हुडकून ठेवलं होतं. साडेतीन ओळी. मदत अपुरी. कृपादृष्टी. नम्र विनंती.

"वाच," बसम्मा म्हणाली. शेजारच्या रंगाऱ्याची बायको रंभाबाई मुद्दाम येऊन बसली होती.

त्या वेळी तो सांगू शकला असता. पुढं आयुष्यभर तो स्वतःला हेच विचारत राहिला, की त्या दिवशी काय अडलं होतं? दालनात निदान साहेब होते, घड्याळ होतं. इथं दोन बायका होत्या, आणि त्यातली एक त्याला आईसारखी. पण तिनं पदर सारखा करून घेतला, पूजेला बसावं तशी बसली, आणि त्याचं धैर्य गेलं. त्यानं पुस्तकावर बोट फिरवत सावकाश कानडीत वाचल्यासारखं केलं. लंडनात आमचं कोण बसलंय? आमच्या पंचांत मागवाल्याचा माणूस असतो. त्याला जेवढं आठवत होतं तेवढं त्यानं वाचलं.

"मागाचं?" बसम्मानं विचारलं. "ते न्हाय लिहिलं?"

"ते गाळलंय. जागा नसेल."

"असू दे. मुद्द्याचं आलंय." ती रंभाबाईकडं वळली. "आता उत्तर द्यायला लागेल त्यास्नी. छापलंय म्हटल्यावर."

पुढचं जवळपास वर्षभर तो रविवारी जात राहिला. जगभर भाव पडत चालले होते. ऑस्ट्रियाची मोठी बँक कोसळली, जर्मनीच्या बँकांवर गर्दी झाली, बाझलच्या बँकेनं धाव घेतली पण तिचं बळ पुरलं नाही, हे सगळं तो वाचत होता आणि बसम्मा नीट ऐकत होती. आता ती कमी अडवायची. आपला प्रश्न योग्य ठिकाणी पोचलाय, अशा भरवशानं ऐकणाऱ्या माणसासारखी ती ऐकायची, आणि ते त्याला जास्त लागायचं.

मग एकतीस सालच्या सप्टेंबरात ती बातमी आली. इंग्लंडनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडून दिली. दिल्लीनं रुपयाची गाठ पौंडाशी पक्की केली, भाव तोच, अठरा पेन्स. दोन-तीन दिवस इथल्या बँकांची दारंही बंद राहिली. पेठेत कुणाला काही कळेना. रविवारची वाट न बघता बसम्मानं त्याला दुपारी बोलावून घेतलं.

"कुणी ठरवलं हे?"

"लंडनहून हुकूम आला."

"दिल्लीच्या सायबांना तरी विचारलं का?"

"त्यांचं म्हणणं वेगळं होतं म्हणतात. पण ऐकलं नाही."

बसम्मानं आत जाऊन कोरा कागद आणला, दौत आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "लिही. म्हणावं, बसम्माचा प्रश्न तुमच्या पुस्तकात छापलेला हाय. विचारून पावणेदोन वर्षं झाली. आता तर तुमचं तुम्हीच सगळं मोडून बसलात. उत्तर कधी देता?"

सिद्रामप्पानं टाक उचलला. तारीख घातली. मग टाक खाली ठेवला.

"अक्का, छापलेलं नाही ते."

"काय न्हाय?"

"तुमी बोलला ते मी सांगितलंच नाही त्यांना. मी म्हणालो, मदत अपुरी आहे, कृपा असावी. तेवढंच छापलंय. मी वाचून दाखवलं ते माझ्या मनचं."

बसम्माला ते एकदम उमगलं नाही. तिनं त्याला पुन्हा सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा.

"का रे?" ती म्हणाली.

"साहेबांनी घड्याळ काढलं."

रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, तिनं तिकडं पाहिलंही नाही. मग तिनं कागद त्याच्याकडं सरकवला.

"आता लिही. मी बोलले ते आता लिही. समिती नसंना का, दुसरं कोण असंल त्याला धाडू."

त्यानं पुन्हा टाक घेतला. रुपयाचा भाव लंडनात ठरतो, हे त्यानं लिहिलं. पंचांचं लिहिलं. मग थांबला.

"पुढं?" बसम्मा म्हणाली.

"पुढं तुमी मागाचं काहीतरी म्हणालात. हात असे धरलेत."

"व्हय. काय म्हणाले?"

"मला ऐकू आलं नाही, अक्का. मी इंग्रजी जुळवत होतो."

बसम्मानं डोळे मिटले. हात पुढं केले, बोटं फाकवली, तशीच राहिली. मग हात मांडीवर ठेवले. "मलाबी न्हाय आठवत," ती म्हणाली. "ते त्या दिवशी आलं तसं आलं. घरनं काय ठरवून गेले नव्हते. तिघं ऐकतायत असं वाटलं, म्हणून आलं."

कचेरीतल्या बिरप्पाला विचारावं म्हणून सिद्रामप्पा दुसऱ्या दिवशी गेला. बिरप्पा कुर्डुवाडीला रेल्वेत लागला होता. रजा काढून तो कुर्डुवाडीलाही गेला. बिरप्पानं डोकं खाजवलं. "चांगलं बोलल्या होत्या येवढं ध्यानात हाय सायेब. अंगावर काटा आला होता माझ्या. पर काय ते न्हाय सांगता येत."

मग दोघांनी मिळून जे लिहिलं ते एक साधं गाऱ्हाणं झालं, पेठेतल्या कुणीही लिहिलं असतं तसं. ते दिल्लीला गेलं. महिन्यानं पोच आली, छापील, नावाची जागा तेवढी हातानं भरलेली. बसम्मानं ती त्याच्याकडून वाचून घेतली नाही. कागद हातात घेऊन विचारलं, "पोच का?" तो हो म्हणाला. तिनं ती दुकानातल्या खुंटीवरच्या कागदांत खोचून दिली.

ती त्याला कधी टाकून बोलली नाही. एक फरक मात्र पडला. सिद्रामप्पा अकरा वर्षांचा होता तेव्हापासून ती त्याला अरेतुरे करायची, कोर्टात लागला तरी, बाप झाला तरी. त्या दिवसानंतर ती त्याला अहोजाहो करू लागली. "या, बसा," म्हणायची. "तुमचं कसं काय चाललंय?" बाहेरच्या माणसाला ते मानाचं वाटलं असतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिद्रामप्पानं मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

वर्तमानपत्र ती आता चनबसप्पांच्या सुनेकडून, वच्छलाकडून वाचून घ्यायची. "तुम्हाला कशाला तरास," असं त्याला म्हणाली.

बत्तीस साल सोनं बाहेर जाण्यात गेलं. सोन्याचा भाव चढला होता आणि बाकी सगळ्याचा पडला होता. बायका पाटल्या, पुतळ्या मोडत होत्या, आणि ते सोनं मुंबईहून बोटीनं लंडनला जाऊन तिकडच्या बँकेची पत सावरत होतं. लेखांतून यावर भांडणं चालली होती. सिद्रामप्पा ते एकटा वाचायचा. वाचताना, इथं अक्कानं काय विचारलं असतं, असं त्याच्या मनात यायचं, आणि कधीकधी तिचा प्रश्न त्याला सुचायचाही. पण तो सुचलेला असायचा. तिनं विचारलेला नसायचा.

कोर्टात त्याची ख्याती कमी झाली. साक्षीदार जे बोलेल ते तो सगळं सांगायला लागला, खोकल्यासकट म्हणावं असं. एकदा न्यायाधीश वैतागून म्हणाले, "सिद्रामप्पा, सारांश सांगा." तो म्हणाला, "सारांश साक्षीदारानं सांगितलेला नाही, साहेब." वकील हसले. मधे कुणी आहे असं वाटत नाही, हे आता कुणी म्हणत नसे. चन्नम्मानं एकदा विचारलं, हल्ली कोर्टातलं काही सांगत नाही तुम्ही. तो म्हणाला, सांगण्यासारखं काही नसतं.

तेहतीस सालच्या जूनमध्ये लंडनात साऱ्या जगाची अर्थपरिषद भरली. साठाच्या वर देश आले होते. पडलेले भाव, अडलेला व्यापार, नाण्यांचे दर, सगळ्यांवर तोड काढणार होते. महिना-दीड महिन्यात ती काही न ठरवता उठून गेली. ती बातमी आली त्याच आठवड्यात बसम्मानं दुकान आवरलं. सूत घेणारे माग राहिले नव्हते. अक्कलकोटला तिची बहीण होती, तिच्याकडं ती जायला निघाली.

मोटारीच्या अड्ड्यावर सिद्रामप्पा तिला पोचवायला गेला. दोन गाठोडी, एक पेटी. त्यानं ती टपावर चढवली, दोर ओढून पाहिला. रात्रभर त्यानं मनाशी बरंच ठरवलं होतं. पण मोटार सुटायच्या आधी बसम्माच बोलत राहिली, बहिणीच्या घरच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, वच्छलाला तिसरा महिना लागलाय, तिच्याकडं लक्ष ठेवा. तो हो हो म्हणत राहिला.

ड्रायव्हरनं हँडल मारलं. मोटार थडथडू लागली.

"अक्का," तो खिडकीशी जाऊन म्हणाला, "त्या दिवशीचं मला..."

"ऐकू येत न्हाय हो," बसम्मा म्हणाली. आवाज खराच मोठा होता. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या खांद्यावर ठेवला, जरा दाबला. "येत जा अक्कलकोटला. चन्नम्माला घेऊन या."

तो म्हणाला, "येतो."

दोनदा गेलाही. दोन्ही वेळा तिनं त्याला पाटावर बसवून पाहुण्यासारखं वाढलं, आणि आग्रह करकरून वाढलं. पस्तीस साली देशाची मध्यवर्ती बँक उघडली की ते सांगायला तो तिसऱ्यांदा जाणार होता. त्याआधीच्या थंडीत बसम्मा गेली. बहिणीनं पत्र टाकलं होतं, ते त्याला चार दिवस उशिरा मिळालं.